आपली तलवार, समोरच्याची फासळी

मध्ययुगीन लढाईच्या छंदात नव्याने पडलेला माणूस सगळ्यांत आधी शिरस्त्राण विकत घेतो. मीही तेच केलं. नोकरीसाठी गोथेनबर्गला येऊन स्थिरावलो होतो, हातात थोडे पैसे खेळत होते, आणि लहानपणी पुण्याच्या केळकर संग्रहालयात काचेपलीकडून पाहिलेली शस्त्रं डोक्यातून कधी गेलीच नव्हती. मानेमागे निमुळतं होत गेलेलं ते चकचकीत पोलादी शिरस्त्राण घरी आलं, तेव्हा ते मी रात्री उशिरापर्यंत हातात घेऊन बसलो होतो. मी ज्या गटात सामील झालो होतो, तो जो काळ उभा करायचा त्या काळातलं ते नव्हतं. मागवताना मी उघड्या डोक्याचं माप दिलं होतं, त्यामुळे आत जाड अस्तर बसवायला जागाच उरली नव्हती. अस्तराविना शिरस्त्राण म्हणजे डोक्यावर आदळणारा आणखी एक पत्रा, हे मला कोणीतरी नंतर सांगितलं.

पुढे बऱ्याच चुका झाल्या. मागे वळून पाहताना दिसतं की बहुतेकींचं मूळ एकच होतं. मी प्रत्येक वस्तू सुटी पाहत होतो. ती कोणाच्या अंगावर चढणार, कशाच्या वर चढणार आणि कोणासमोर वापरली जाणार, हे विचारतच नव्हतो. यांतल्या बऱ्याच चुकांची किंमत मी मोजली. एकीची दुसऱ्या माणसाने मोजली. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी लिहितो आहे, पण तिथवर पोचायला आधीच्या सांगाव्या लागतील.

या छंदात दोन वेगळे खेळ आहेत, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. पहिला रीएनॅक्टमेंट. एखादा काळ, एखादी लढाई निवडायची, त्या काळचे कपडे, तंबू, भांडी, चिलखतं जमवायची आणि लोकांसमोर ती लढाई उभी करायची. दुसरा ऐतिहासिक फेन्सिंगचा. युरोपात तलवारबाजीवरची जुनी हस्तलिखितं आणि छापील पुस्तकं शिल्लक आहेत. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, तलवार आणि छोटी ढाल शिकवणारं एक सचित्र हस्तलिखित आहे. त्याच शतकात योहानेस लिश्टनाउअर या जर्मन उस्तादाची परंपरा सुरू झाली. योआखिम मायरचा जाडजूड ग्रंथ १५७० साली स्ट्रासबुर्गमध्ये छापला गेला. अशा ग्रंथांवरून ती विद्या पुन्हा शिकायची आणि मग खरोखर एकमेकांविरुद्ध, पूर्ण वेगात खेळायचं. पहिल्यात प्रेक्षक असतात आणि वार हात राखून करायचा असतो. दुसऱ्यात समोरच्याने अडवला नाही तर वार लागतोच. हा फरक मला माहीत होता. माझ्या सामानाला मात्र मी तो कधी लावला नाही.

आमचा रीएनॅक्टमेंटचा गट १३६१ चा. त्या वर्षी २७ जुलैला डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार याच्या सैन्याने गोटलंड बेटावरच्या शेतकऱ्यांची फौज विस्बी शहराच्या तटाबाहेर कापून काढली. शहराने दरवाजे उघडले नाहीत. मेलेल्यांना चिलखतांसकट मोठ्या खड्ड्यांत पुरलं गेलं. कडक उन्हाळ्यामुळे घाई झाली असावी, असं मानलं जातं. १९०५ पासून १९३० पर्यंत टप्प्याटप्प्याने ते खड्डे खणले गेले. जवळजवळ बाराशे माणसांचे सांगाडे आणि चौदाव्या शतकातल्या सामान्य लढवय्याचं इतकं चिलखत निघालं की बेंग्ट थोर्डेमान यांनी १९३९-४० मध्ये त्यावर दोन खंडांचा ग्रंथ काढला. आजही या काळाचं चिलखत बनवणारा माणूस त्या ग्रंथाला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही. दर ऑगस्टमध्ये विस्बीला मध्ययुगीन सप्ताह भरतो, त्याला आम्ही जातो. मी घेतलं होतं ते सॅलेट, म्हणजे पंधराव्या शतकातलं. गटातल्या वडीलधाऱ्या बाईंनी ते दोन्ही हातांत फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "सुंदर आहे. हे घालणारा माणूस आपल्या लढाईनंतर शंभर वर्षांनी जन्मेल." मला रुंद काठाची साधी लोखंडी टोपी घ्यावी लागली. आधी साल ठरवायचं, मग पाकीट उघडायचं, हा तिथला पहिला नियम. तो मी पैसे घालवून शिकलो.

विस्बीच्या खड्ड्यांत सापडलेलं सगळ्यांत महत्त्वाचं चिलखत बाहेरून चिलखत वाटतच नाही. कातड्याच्या किंवा कापडाच्या जाकिटाला आतून लोखंडी पत्रे रिव्हेटने ठोकलेले असतात, बाहेर फक्त रिव्हेटची डोकी दिसतात. तशी जवळपास २५ चिलखतं तिथे मिळाली. मला तसंच एक हवं होतं. एका कारागिराकडे मापाबरहुकूम करायला टाकलं. मापं घेतली ती टी-शर्टवर. चिलखत काही महिन्यांनी आलं, नाकासमोर धरलं तर ताज्या चामड्याचा आणि तेलाचा वास. मग त्याच्या आत घालायचा गादीसारखा जाड अंगरखा, गॅम्बेसन, घातला आणि पाठीमागचे पट्टे लावायला गेलो. बकल आणि पट्टा यांच्यात वीतभर अंतर राहिलं. कारागिराची यात काहीच चूक नव्हती. त्याने विचारलं होतं, "मापं अंगरख्यावरून घेतलीस ना?" मी हो म्हणालो होतो, कारण अंगरखा अजून घेतलेलाच नव्हता आणि वाट पाहायची तयारी नव्हती.

चिलखत आतून बाहेर घडवायचं असतं. आधी अंगरखा, त्यावर कड्या, त्यावर पत्रा. आणि पत्रा कमरेच्या खऱ्या घडीपाशी, बरगड्या संपतात तिथे, संपला पाहिजे. बेंबीखाली उतरला तर वाकताना खालची कड मांडीत घुसते आणि वरची हनुवटीला लागते. माझा उतरला होता. तेही मीच सांगितलेल्या मापामुळे. लांब असलं तर जास्त संरक्षण, असा माझा हिशेब होता.

अंगरख्याची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. पहिला घेतला तो तयार, पॉलिएस्टरचं फायबर भरलेला, भरपूर फुगीर. जाडी पाहून मी निर्धास्त झालो. मैदानात लोखंडी टोपी आणि पत्रा चढवून अर्धा तास उन्हात उभा राहिल्यावर चक्कर आली, आणि खांद्यावर पडलेला मार मात्र सरळ हाडाला पोचला. शिवाय बगलेची कापणी साध्या शर्टासारखी होती. हात वर केला की अख्खा अंगरखा आणि त्यावरचं सगळं ओझं वर उचललं जायचं. ल्योंच्या वस्त्रसंग्रहालयात शार्ल द ब्लुआच्या नावाने ओळखला जाणारा चौदाव्या शतकातला एक अंगरखा आहे. त्याच्या बाह्या छातीवर आणि पाठीवर खूप आत शिरून मोठ्या गोलाकारात जोडल्या आहेत, म्हणजे हात फिरला तरी धड जागचं हलत नाही. जुन्या शिंप्यांनी हा प्रश्न सोडवून ठेवला होता. मी त्याकडे नुसती जुनी फॅशन म्हणून पाहिलं होतं.

सुट्टीत भारतात आलो तेव्हा तो अंगरखा सोबत होता, पुण्यात कोणाकडून तरी दुरुस्त करून घ्यावा म्हणून. भोरला आत्याकडे गेलो. आत्या आयुष्यभर गोधड्या शिवत आली आहे. तिने अंगरखा मांडीवर घेतला, दोन बोटांच्या चिमटीत दाबला आणि सोडला.

"आत काय भरलंय रे?"

"एक प्रकारचा कृत्रिम कापूस आहे, आत्या."

"नुसतं फुगलंय हे. दाबलं की बसतंय. यात मार कसला अडणार?" मग म्हणाली, "थर घाल. जुनं कापड आण, नवं नको. नवं अंगाशी भांडतं."

ते ऐकून मी तिथल्या तिथे फोनवर साठवलेली टिपणं उघडली. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या काळातला, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, सैनिकांच्या जाड अंगरख्यांबद्दलचा एक आदेश आहे. त्यात कापडाचे तीस थर, किंवा पंचवीस थर आणि एक हरणाचं कातडं, असं सांगितलं आहे. आणि त्यासाठी वापरून मऊ झालेलं, मध्यम पोताचं कापड सर्वांत चांगलं, असंही म्हटलं आहे. हे मी वर्षभरापूर्वी वाचलं होतं, टिपून ठेवलं होतं आणि तरी फुगीर अंगरखा घेतला होता. आत्याने आजोबांची जुनी धोतरं आणि दोन विरलेली लुगडी काढली. माझ्या अंगावरून कागदाचे नमुने कापले. थर रचून दाभणाने असे जवळजवळ टाके घातले की कापड पुठ्ठ्यासारखं ताठ झालं, पण वाकवलं की वाकत होतं. बाह्या गोलाकारात जोडायचं काम भोरच्याच एका शिंप्याने केलं. बाहेरून मी स्वीडनहून आणलेलं लिनन लावलं, कारण छावणीत बाहेरचं कापड लिननचं किंवा लोकरीचं लागतं. तो अंगरखा पहिल्यापेक्षा निम्मा जाड आहे आणि मार कितीतरी जास्त पितो. घामही शोषतो. मी व्यवसायाने मोटारींच्या धडकेच्या चाचण्यांत काम करतो. मऊ भरण तळाला टेकली की तिचा उपयोग संपतो, हे मी ऑफिसात रोज आलेखांवर पाहतो. घरच्या वस्तूला ते ज्ञान लावायला मला आत्या लागली.

कड्यांच्या चिलखताबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्याकडे चिलखत म्हटलं की प्रतापगड आठवतो, अंगरख्याखाली घातलेल्या कड्या आठवतात. त्यामुळे कड्या म्हणजे अभेद्य, ही समजूत माझ्यात खोलवर होती. युरोपातल्या दुकानांत भारतात बनलेली कड्यांची चिलखतं सर्रास मिळतात. उत्तम, प्रत्येक कडीला रिव्हेट ठोकलेलीही मिळतात आणि नुसती टोकाला टोक लावून वाकवलेल्या कड्यांचीही मिळतात. मी दुसऱ्या प्रकारचं घेतलं, निम्म्याहून कमी पैशांत. विस्बीच्या संग्रहालयात कड्यांच्या टोपीसकट मिळालेली कवटी पाहताना त्या कड्यांची रिव्हेट मारून बंद केलेली टोकं मी लक्षात घ्यायला हवी होती. माझ्या चिलखताच्या कड्या पहिल्याच लढाईत उघडल्या आणि गवतात पडल्या. त्या गवतात छावणीतली मुलं अनवाणी पळत होती. संध्याकाळी लोहचुंबक बांधलेली काठी घेऊन मी ते मैदान पुन्हा पुन्हा पालथं घातलं. सगळ्या मिळाल्या की नाही, हे आजही सांगता येणार नाही. दहा किलोंचा भार खांद्यांवरून उतरवायला कमरेला घट्ट पट्टा बांधून वरच्या कड्या थोड्या सैल सोडायच्या असतात, हेही त्या दिवशी एका अनोळखी माणसाने मला पट्टा बांधून देत दाखवलं.

फेन्सिंगच्या बाजूला माझी पहिली चूक आकड्याची होती. फेन्सिंगच्या जाकिटावर ३५० न्यूटन किंवा ८०० न्यूटन असं लिहिलेलं असतं. मास्कच्या गळपट्टीवर १६०० असू शकतं. मी ८०० चं जाकीट घेतलं आणि समजलो की ८०० न्यूटनपर्यंतचा वार आता मला लागत नाही. इंजिनिअर असून मी हा आकडा कशाचा आहे हे विचारलं नाही. तो कापड भोसकलं जाण्याविरुद्धचा आकडा आहे. टोकदार सळई कापडातून आरपार जायला किती बळ लागतं, ते तो सांगतो. हे नियम आधुनिक फेन्सिंगमधून आले आहेत आणि त्यामागे खरी माणसं आहेत. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू व्लादिमिर स्मिर्नोव्ह यांच्या प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटलं आणि तुटलेलं टोक मास्कच्या जाळीतून आत गेलं. काही दिवसांनी ते वारले. त्यानंतर मास्क, कापड आणि पात्याचं पोलाद यांचे निकष कडक झाले. पण आधुनिक फेन्सिंगची सगळ्यांत जड तलवारही ७७० ग्रॅमच्या वर जात नाही. आमची दोन हाती तलवार दीड किलोची. तिचा वार कोपरावर पडला तेव्हा कापड अजिबात फाटलं नाही आणि कोपर सुजून दुप्पट झालं. कोपर, गुडघे, नडगी, गळा यांना कठीण कवच वेगळं लागतं. मास्कला मागून डोकं झाकणारं चामड्याचं आवरण लागतं, कारण साध्या फेन्सिंगमध्ये मागून वार पडतच नाही. मी ते सगळं पुढच्या पगारावर ढकललं होतं.

मग हातमोजे. स्वीडनमध्ये आइस हॉकीचे जुने हातमोजे कुठेही स्वस्तात मिळतात, आणि सुरुवातीच्या काळात या खेळातले पुष्कळ लोक तसलेच मोजे वापरत. मला ते पुरेसे वाटले. पाठीवर जाड, आतून मऊ, पकड छान. पण हॉकीची काठी आणि पोलादी पातं यांत फरक आहे. तलवार धरलेलं बोट कठीण मुठीवर टेकलेलं असतं. वरून पातं आलं की बोटाला मागे सरायला जागा नसते, अडकित्त्यात सुपारी सापडावी तसं ते सापडतं. परजेजवळची तर्जनी आणि अंगठा यांना धोका सर्वांत जास्त. लिश्टनाउअरच्या परंपरेतल्या आडव्या वारात अंगठा पात्याच्या सपाट बाजूवर ठेवतात, तेव्हा तो आणखीच उघडा पडतो. माझ्या उजव्या तर्जनीचं शेवटचं पेर चुरडलं. नखाखाली रक्त साचलं, हाडाचे तुकडे झाले. ऑफिसात कीबोर्डवर कितीतरी दिवस ते बोट वर धरून टाइप करत होतो. फोनवर आईला काही बोललो नाही. व्हिडिओवर तो हात टेबलाखाली ठेवायचो. तिला कळलं ते भोरहून, आत्याकडून, आणि तिला वाईट वाटलं ते लपवल्याचं. खास दोन हाती तलवारीसाठी बनवलेले, बोटांच्या टोकांवर आणि अंगठ्याभोवती कठीण कवच असलेले मोजे महाग असतात. माझ्या त्या शिरस्त्राणापेक्षा स्वस्त असतात.

आता ती गोष्ट.

फेन्सिंगच्या वर्गात सुरुवातीला क्लबच्या तलवारी मिळतात. त्यांना फेडर म्हणतात. पातं अरुंद आणि पातळ, परजेजवळ मात्र रुंद झालेलं, टोक दुमडलेलं किंवा पसरट केलेलं आणि त्यावर रबराची टोपी. मायरच्या पुस्तकातल्या चित्रांत विद्यार्थ्यांच्या हातात अशाच आकाराच्या तलवारी दिसतात. फेडरने भोसकलं की पातं कमानीसारखं वाकतं. स्वतःची फेडर घ्यायची तर तीन-चार हजार क्रोनर लागतात. माझ्याकडे रीएनॅक्टमेंटची तलवार होतीच. बोथट, काठ गोल केलेले, टोक गोल. रीएनॅक्टमेंटच्या दृष्टीने ती पूर्ण सुरक्षित, गटात तपासून पास झालेली. एका संध्याकाळी क्लबच्या सगळ्या फेडर वापरात होत्या आणि प्रशिक्षक आले नव्हते. माझ्या नेहमीच्या जोडीदाराला, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या सुताराला, मी म्हटलं, "माझ्या तलवारीने हळू खेळू." त्याने तलवार पाहिली, थोडा थांबला आणि बरं म्हणाला. तो थांबला होता हे मी पाहिलं होतं. तेव्हाच मी ती पिशवीत परत ठेवायला हवी होती.

हळू खेळायचं ठरवलेलं कोणी हळू खेळत नाही. वेग कळत नकळत वाढतो. मी उजव्या खांद्यावरून तिरपा वार केला, त्याने तसाच वार करून तो अडवला, पाती एकमेकांना भिडली. अशा वेळी समोरच्याचा जोर कमी जाणवला तर हात न काढता टोक सरळ पुढे न्यायचं, हे आम्ही फेडरने पुन्हा पुन्हा घोटलेलं होतं. माझ्या हातांनी ते आपोआप केलं. तो त्याच क्षणी पाऊल पुढे टाकत होता. टोक छातीच्या डाव्या बाजूला, खालच्या बरगड्यांवर बसलं. पातं वाकलं नाही. ते वाकण्यासाठी बनवलेलंच नव्हतं, कारण रीएनॅक्टमेंटमध्ये आमच्याकडे भोसकणं वर्ज्य आहे.

तो मागे सरकून बाकावर बसला आणि म्हणाला, ठीक आहे. श्वास मात्र अर्धाच घेत होता. मी मास्क काढला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "तू पुढे आलास."

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, फासळीला तडा गेला आहे. जाकीट त्याचंही ८०० न्यूटनचं होतं आणि त्यावर साधा ओरखडाही उठला नव्हता. उन्हाळा तोंडावर होता. त्याच्या कामाचे दिवस तेच होते, आणि त्याला कित्येक आठवडे फळी उचलता आली नाही.

त्या रात्री मी घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवला, माझ्या तलवारीचं टोक त्यावर टेकवलं आणि वरून सरळ दाबत गेलो. माझं जवळजवळ सगळं वजन तिच्यावर आलं तरी पात्यात नावापुरताही बाक आला नाही. नंतर क्लबमधून एक फेडर मागून आणली. ती दहा-बारा किलोला वाकली, आणि एकदा वाकायला लागल्यावर कितीही दाबलं तरी काट्यावरचा आकडा फारसा वाढेना. दोन माणसं एकमेकांकडे चालून येत असताना मधलं पातं वाकलं तर छातीवर दहा-बारा किलो येतात. वाकलं नाही तर दोन शरीरांचा सगळा वेग एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर येतो. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चुरडेल असा बनवतात तो याच कारणासाठी, आणि त्याच कामाचा मला पगार मिळतो.

प्रशिक्षकांनी मला सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. वर्ग संपल्यावर एवढंच म्हणाले, "तुझं जाकीट तुला वाचवतं. त्याला तुझी तलवार वाचवते." मी तोवर संरक्षण म्हणजे मी अंगावर काय घालतो तेच समजत होतो. खरेदीच्या याद्या करताना तलवार शस्त्रांच्या रकान्यात आणि बाकी सगळं कवचाच्या रकान्यात लिहीत होतो. या खेळात तलवार समोरच्याच्या चिलखताचा भाग असते. तिची लवचीकता, टोकाची टोपी, काठावर उठलेले बारीक कंगोरे कानशीने घासले आहेत की नाहीत, यांवर त्याचं शरीर अवलंबून असतं. त्याने ते तपासलेलं नसतं. त्याने माझ्यावर विश्वास टाकलेला असतो.

शनिवारी मी त्याच्याकडे जाऊ लागलो, फळ्या चढवायला, उतरवायला. तो हाताने दाखवायचा, मी उचलायचो. एकदा कॉफी पिताना मी पुन्हा माफी मागितली तेव्हा तो म्हणाला की फासळीचा राग त्याला कधीच नव्हता. "या खेळात लागतं. पण तू पहिलं वाक्य काय बोललास ते आठवतंय तुला?" मला आठवत होतं. मग आम्ही उरलेल्या फळ्या लावल्या.

मी फेडर घेतली. रीएनॅक्टमेंटची तलवार आता विस्बीला जाताना आणि गटाच्या सरावाला जाताना पिशवीत असते, फेन्सिंगच्या दिवशी घरी राहते. खेळण्यापूर्वी जोडीदाराच्या हातात माझी तलवार देतो आणि टोक दाबून बघ म्हणतो. काही जण हसून नको म्हणतात. मी तरी देतो.

एवढं सगळं झाल्यावरही मी एक चूक केली, आणि ती मला आधीच्या सगळ्यांपेक्षा लाजिरवाणी वाटते, कारण तेव्हा मला सगळं माहीत होतं. माझ्या जुन्या मास्कच्या जाळीला कपाळापाशी एक पोचा पडला होता. पोचा पडलेली जाळी आतून ठोकून सरळ केली तरी तिथल्या तारा कमजोर झालेल्या असतात, तो मास्क पुन्हा वापरायचा नसतो. मी नवा मास्क घेतला आणि जुना, आतून ठोकून सारखा केलेला, वर्गात नव्याने आलेल्या एका विद्यार्थ्याला विकला. पोचा दिसत नव्हता. मी काही बोललो नाही. तो विद्यार्थी मध्य प्रदेशातला, इंदूरचा, तिथल्या घरात मराठी बोलत वाढलेला. वर्गात माझ्याशी मराठीत बोलायचा, मला दादा म्हणायचा आणि काय घ्यावं, काय घेऊ नये हे विचारायचा.

पुढच्या आठवड्यात तो मास्क घालून सुतारासमोर उभा राहिला. सुताराने वार केला, कपाळावर बसला, हलकाच. मी भिंतीपाशी उभा होतो. मी खेळ थांबवला आणि तिथेच, दोघांसमोर, मास्कची हकिकत सांगितली. इंदूरच्या मुलाने मास्क काढून जाळीवर अंगठा फिरवला आणि जागा त्याला बरोबर सापडली. "दादा, तुम्हाला माहीत होतं?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो.

त्याचे पैसे मी परत केले आणि नवा मास्क घेऊन दिला. तो त्याने लगेच घेतला नाही, दोन दिवस विचार करून घेतला. काय खरेदी करू हे आता तो मला विचारत नाही, सुताराला विचारतो. जुन्या मास्कची जाळी मी पत्र्याच्या कात्रीने मधोमध कापली आणि मगच तो भंगाराच्या केंद्रावर टाकला, म्हणजे तिथून उचलून तो पुन्हा कोणी डोक्यावर चढवू नये.